मदत हवी आहे: गॉड ऑफ वॉर गेममधली सिग्रून मरत नाहीये

जुना_खेळ्या
गोष्ट केव्हाच संपली. शेवटचा शत्रू बाल्डर मारून झाला, नायक क्रेटोसच्या बायकोची राख उधळून झाली, घरी येऊन झोपून पण झालं. आठही वाल्किरी, म्हणजे पंखवाल्या लढवय्या, मारल्या, त्यांची शिरस्त्राणं सिंहासनांवर ठेवली. आता त्यांची राणी सिग्रून तेवढी उरलीय आणि रोज रात्री मला तुडवतेय. "वल्हाला!" ओरडत वर जाते, मी वेळेवर बटण दाबतो, तरी पाय छातीवरच. प्लेस्टेशन टूवर २००५ चा पहिला भाग आला तेव्हापासून खेळतोय, तेव्हा नवशिक्याचे सल्ले नकोत. नेमकं काय करायचं तेवढं सांगा. शनिवारी पाहुणे येतायत, मग हॉल माझा राहणार नाही.

रात्रपाळी
प्लेस्टेशन की पीसी? चिलखत कुठलं? क्रेटोसची पातळी किती? ताईत कुठला लावलाय?

जुना_खेळ्या
पीसी. चिलखत चांगलंच आहे.

रात्रपाळी
"चांगलंच" नावाचं चिलखत माझ्या गेममध्ये नव्हतं. सिग्रून नवव्या पातळीची आहे. तुम्ही सहावर असाल तर दोन फटक्यांत आडवे.

तात्या_बिनधास्त
एवढी डोकेफोड कशाला? सेटिंगमध्ये जा, सगळ्यात सोपी काठिण्यपातळी लावा, मारा, ती परत चढवा. मी तेच केलं. कुणी बघायला येत नाही.

अणकुचीदार
म्हणजे पुस्तक उघडं ठेवून पेपर लिहायचा. तात्या, मग यूट्यूबवरच बघायची की लढाई. वीजबिल तरी वाचेल.

तात्या_बिनधास्त
माझे पैसे, माझा गेम. तुम्हाला का झोंबतंय? दिवसभर नोकरी करून रात्री तासभर मिळतो, तो मार खाण्यात घालवू?

जुना_खेळ्या
भांडू नका. पातळी कमी करताच येत नाही, तो पर्याय बंद आहे.

रात्रपाळी
अहो, म्हणजे तुम्ही "गिव्ह मी गॉड ऑफ वॉर"वर, सगळ्यात अवघड पातळीवर खेळताय! हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. ती पातळी एकदा निवडली की मधे बदलता येत नाही. तात्यांचा सल्ला इथेच बाद.

आता ऐका. मुस्पेलहाइम आणि निफल्हाइम ही दोन्ही जगं पिंजून काढल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका. निफल्हाइमच्या धुक्यातून ईवाल्दीचं चिलखत बनतं, त्याने तब्येत हळूहळू भरत राहते. ताईत क्वासिरचा. अगदी शेवटच्या क्षणी हुलकावणी दिली की वेळ मंदावते, मग दोन-तीन घाव घालून मागे फिरा, चौथ्याचा मोह नको. लाल कडं दिसलं की ढाल विसरा, फक्त बाजूला व्हा. पिवळं दिसलं तर नुसती ढाल धरून भागत नाही, अचूक क्षणी परतवावं लागतं. आणि क्रेटोसच्या पोराला रिकामा ठेवू नका, त्याचे बाण सतत चालू हवेत. प्रकाशबाणांनी ती लवकर गांगरते. जिवंत करणारा दगड ब्रोक-सिंद्री या लोहारांकडून घेतलाय ना? बर्सर्करवाला घ्या, उठताक्षणी क्रोध चढलेला असतो.

जुना_खेळ्या
दगड आहे. क्वासिरचा ताईतही आहे, पण वेळ मंदावतच नाही. तोच तर घोळ आहे.

अणकुचीदार
कीबोर्डवर खेळत असाल. हा गेम कंट्रोलरचा आहे, विषय संपला.

माऊसवाला
काय संपला? मी सिग्रून कीबोर्ड-माऊसवरच मारली. कुऱ्हाडीचा नेम माऊसने कितीतरी चांगला लागतो. कंट्रोलरवाल्यांना बोटाने नेम धरावा लागतो आणि वर तोरा.

अणकुचीदार
स्क्रीनशॉट टाका, मग बोलू.

पोथीवाला
अवांतर, पण राहवत नाही. या गेमने नॉर्स पुराणाची बरीच मोडतोड केली आहे. मूळ कथेत बाल्डरची आई फ्रिग. तिने जगातल्या प्रत्येक वस्तूकडून शपथ घेतली की बाल्डरला इजा करणार नाही, फक्त मिसलटो राहून गेलं. कपटी लोकीने तेवढं हेरलं आणि आंधळ्या होडरच्या हातून त्याला मारवलं. गेमवाल्यांनी फ्रिग आणि फ्रेया या दोन देवी एक करून टाकल्या आणि मिसलटोचा बाण पोराच्या भात्याच्या पट्ट्याला अडकवला. आपल्याकडे हिरण्यकश्यपूचा वर असाच फटीतून फुटतो, त्यामुळे मला ते पटकन भिडलं. सिग्रून हे नाव मात्र जुन्या काव्यातलं आहे. तिथे ती हेल्गी नावाच्या वीरावर प्रेम करते, कुणाच्या छातीवर उड्या मारत नाही.

रात्रपाळी
पोथीवाले, शेवट फोडलात. धागा न खेळलेले लोकही वाचतात.

पोथीवाला
तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहून ठेवलेली गोष्ट आहे. अजून किती थांबू?

कोथरूडची_राजी
परदेशी देव पुरे झाले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा "राजी" खेळा, २०२० चा. पळवून नेलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, राजस्थानी धाटणीचे महाल. यावर धागे का निघत नाहीत?

अणकुचीदार
खेळलोय. दिसायला देखणा, मारामारी जेमतेम. आपल्या गावचा म्हणून दहापैकी दहा द्यायचे का?

कोथरूडची_राजी
मोजक्या माणसांनी केलेला गेम सोनीच्या स्टुडिओशेजारी ठेवून तोलायचा का?

तात्या_बिनधास्त
मूळ प्रश्न: गोष्ट संपलीय ना? मग सोडा की हो तिला.

जुना_खेळ्या
तात्या, सोडवत नाही. जुन्या भागांत साखळीच्या तलवारी फिरवायच्या, बटणं बडवायची, कॅमेरा लांबून बघत राहायचा. मजा यायची, नाही म्हणत नाही. तिसऱ्यात तर सुरुवातीलाच पोसायडनशी लढाई. पण २०१८ च्या या भागात कॅमेरा खांद्यामागे येऊन बसला तो शेवटपर्यंत एकदाही तुटला नाही. आणि ती कुऱ्हाड! भिरकावली, बटण दाबलं की परत येऊन थाडकन हातात बसते. नुसती झाडांवर फेकत बसलोय मी कित्येकदा, काहीही कारण नसताना. होडीत मिमिर, ते बोलणारं मुंडकं, गोष्ट सांगत असला की किनाऱ्याला लावायचोच नाही, तळ्यात चकरा मारायचो. किनाऱ्यावर उतरलं की तो गोष्ट अर्धी ठेवतो आणि पुन्हा होडीत बसलं की धागा बरोबर पकडतो, हे ज्याने सुचवलं त्याला दंडवत. आधीच्या सगळ्या भागांएवढा संताप साठलेला माणूस पोराला "बॉय" यापलीकडे सहसा हाक मारत नाही आणि तरी कळतं की तो घाबरलेला आहे. असा गेम आठ वाल्किरींवर कसा सोडणार?

चष्मेबद्दूर
एक विचारू? पाहुणे आले की "हॉल माझा राहणार नाही" म्हणालात. पीसी हॉलमध्ये आहे?

जुना_खेळ्या
लॅपटॉप टीव्हीला एचडीएमआयने जोडतो. मोठ्या पडद्याशिवाय मजा नाही. त्याचा इथे काय संबंध?

चष्मेबद्दूर
संबंध तोच आहे. टीव्हीचा गेम मोड चालू आहे का? नसेल तर टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ काढतो आणि पडद्यावर सगळं उशिरा दिसतं. तुम्ही बटण वेळेवर दाबताय, पण जे बघून दाबताय ते शिळं आहे. इतर शत्रूंशी चालून जातं, सिग्रूनशी नाही.

रात्रपाळी
+१. क्वासिर का चालत नाही ते आता कळलं.

जुना_खेळ्या
घरच्यांनी सिनेमा मोड लावून ठेवलाय. रात्री बघतो.

काळजीवाहू_आई
माझा नऊ वर्षांचा मुलगा हा गेम मागतोय. देवांच्या गोष्टी आहेत म्हणतो. द्यावा का?

पोथीवाला
ताई, अजिबात नको. युरोपात अठरा वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का आहे. देव आहेत, पण त्यांची मुंडकी उडतात.

जुना_खेळ्या
गेम मोड लावला. जमीन-आस्मानाचा फरक. क्वासिर चालतोय, तिची तब्येत पाव उरेपर्यंत पोचलो, मग पंखांनी झोडपलं. आता निफल्हाइमला निघालो, चिलखत करूनच येतो. रात्रपाळी, त्या धुक्यात जीव संपायच्या आत बाहेर कसं पडायचं?

रात्रपाळी
तुमचं सध्याचं चिलखत कुठलं, हे अजूनही सांगितलेलं नाही!

नवा_भिडू
माझ्या लॅपटॉपला चार जीबी रॅम आहे. चालेल का हा गेम?