गौहर जानच्या तबकडीचा खरा वेग कोणता? श्रवणसत्रासाठी मदत हवी

काळीदोन
आमच्या संगीत मंडळात दीड तासाचं श्रवणसत्र ठेवलं आहे. गायिका गौहर जान, मग अब्दुल करीम खाँ, शेवटी केसरबाई केरकर. पहिल्या दोघांच्या मूळ तबकड्या हाताशी आहेत, त्या संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत. तीन ठिकाणी अडलंय.
१. गौहर जान ७८वर (मिनिटाला ७८ फेऱ्यांवर) लावली की सा धड पेटीवरची काळी चारही नाही आणि पांढरी सहाही नाही. मधेच कुठेतरी लोंबकळतो.
२. गाणं संपल्यावर ती इंग्रजीत नाव पुकारते. मंडळातले जुने सभासद म्हणतात हा बाईंचा तोरा. निवेदनात तसं सांगू का? आणि तो तुकडा कापला तर चालेल का?
३. खाँसाहेबांचा आवाज फारच बारीक येतो. वेग उतरवू का?

तबकडी७८
दोनपासून सुरू करतो, कारण एकचं उत्तर त्यातच आहे. तो तुकडा कापू नका.

नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. कंपनीला तेव्हा भारतात कारखाना नव्हता. मेणाच्या मूळ तबकड्या जहाजाने जर्मनीत हानोव्हरला जायच्या, तिथे छापल्या जायच्या आणि लेबल लावून परत यायच्या. लेबल लावणाऱ्याला ना हिंदुस्थानी कळे, ना गाणारी कोण हे ठाऊक. म्हणून गाण्याच्या शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’. तोरा कसला, ती पार्सलावरची चिठ्ठी होती! त्या काळच्या इतर कितीतरी तबकड्यांवर अशीच घोषणा सापडते. १९०८मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला, लेबलांची शिस्त बसली, तशी ती मागे पडली.

आता वेग. ७८ हा आकडा पक्का झाला तो १९२५च्या सुमारास, विजेवरचं मुद्रण आल्यावर. त्याआधीच्या तबकड्या ७० ते ८२मध्ये कुठेही सापडतात. मुद्रणयंत्र खाली उतरणाऱ्या वजनावर चालायचं आणि वेग त्या दिवशी जो लावला असेल तो. हिशोब सोपा आहे: ७८वरून ७३.६वर आलात की सूर बरोबर एक पट्टी (पेटीवरची एक शेजारची पट्टी, म्हणजे अर्धा स्वर) उतरतो. तुमचा सा दोन पट्ट्यांच्या मधे आहे म्हणजे दोनेक फेऱ्यांचा फरक, ७५.८च्या आसपास नाहीतर ८०.३च्या आसपास.

यातलं कुठलं, हे गाण्यावरून ठरवू नका. गाणं पट्टीभर वरखाली झालं तरी कानाला चालून जातं. बोलणं चालत नाही. वेग जास्त असला की घोषणेतली ‘नेम’ आणि ‘जान’ची लांबी आखडते आणि आवाज पोरसवदा होतो. फक्त घोषणेचा तुकडा ७४, ७६, ७८, ८० अशा चार वेगांवर काढा आणि पाठोपाठ ऐका. दोन लगेच बाद होतील.

उरलेल्या दोनांसाठी लेबलाजवळ मेणात कोरलेला मुद्रणक्रमांक बघा. लागोपाठचे क्रमांक बहुधा एकाच बैठकीतले असतात आणि गाणारी व्यक्ती बैठकीत सा सहसा बदलत नाही. दोन्ही बाजूंचा सा जुळला तर तुमचा अंदाज बरोबर.

पेटीवाला
वरच्या उत्तरात एक भर. साथीला पेटी ऐकू येत असेल तर तिच्यावरून सूर बांधायचा मोह होतो. जपून. जुन्या पेट्यांचा सूर आजच्या ठरलेल्या मापाशी (‘ए’ म्हणजे ४४० हर्ट्झ) जुळेलच असं नाही. सारंगी तर हवी तिथे मिळवता येते, तिचा उपयोग शून्य. तानपुरा शोधत बसू नका: विजेवरच्या मुद्रणाआधी भोंग्यात गाऊन मुद्रण होई आणि भोंग्यातून साधारण २०० ते २००० हर्ट्झच पकडलं जाई, त्यामुळे डग्गा आणि तानपुरा दोन्ही गायब. निवेदनात हे जरूर सांगा, नाहीतर श्रोते म्हणतील बाई बिनतानपुऱ्याची गायली.

उतरवून घेताना:
तबकडी लाखेची आहे. स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावलं तर लाख विरघळते आणि खाच कायमची जाते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य लिक्विड सोपचा एखादा थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल पुसायचं. लेबल कोरडं ठेवा.
सुई ७८चीच हवी, टोक ७५ मायक्रॉनच्या आसपास. एलपीची सुई (२५ मायक्रॉन किंवा कमी) खाचेच्या तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त देते.
डावा-उजवा दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो करा. खाच आडवी कापलेली आहे, उभ्या हालचालीतून येतो तो निव्वळ कचरा, तो बराचसा कटतो.
ऑडॅसिटीत (ध्वनी संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘चेंज स्पीड’ (नव्या आवृत्तीत ‘चेंज स्पीड अँड पिच’) वापरा, ‘चेंज पिच’ नव्हे. नुसता पिच बदललात तर सूर उतरेल पण लय तीच चुकीची राहील. ही चूक नेटवरच्या निम्म्या फायलींमध्ये आहे असं माझं मत.

मिरजमळा
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. खाँसाहेबांचा वेग उतरवू नका! ‘पिया बिन’ आणि ‘जमुना के तीर’ या १९३०च्या दशकातल्या ओडियनच्या तबकड्या, म्हणजे विजेवरच्या मुद्रणाच्या. तिथे ७८वरून फार ढळायला जागा नाही. आवाज बारीक आहे कारण ते तसेच गायचे, उंच आणि अणकुचीदार. ‘पुरुषी’ वाटावं म्हणून ७२वर आणलंत तर जवळजवळ दीड पट्टी खाली याल आणि ‘पिया बिन’मधली झिंझोटी रागाची ती तार लोंबायला लागेल. त्यांच्या १९०५च्या आसपासच्या, भोंग्यातल्या तबकड्या असतील तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे तबकडी७८ यांची पद्धत लावा.

तबकडीचं भोक मध्यावर नसेल तर सूर सेकंदाला १.३ वेळा झुलतो (७८ भागिले ६०). हळू आलापीत तो झोल हुबेहूब आंदोलनासारखा (सुराला मुद्दाम दिलेल्या हळू झोक्यासारखा) वाटतो. दरबारीच्या गंधारावर कुणी माना डोलावतील आणि दाद जाईल भोक पाडणाऱ्याला. खात्रीसाठी षड्जावरचा लांब ठेहराव ऐका. षड्जही त्याच गतीने झुलत असेल तर दोष भोकाचा.

काळीदोन
घोषणेचे तुकडे काढून ऐकले. ७४ आणि ८० खरंच लगेच बाद झाले. मागची बाजू ७६वर जुळते आहे. शेवटी केसरबाईंचं ‘जात कहाँ हो’ ठेवावं का? फार वाजवलं गेलंय.

तबकडी७८
ठेवा, पण वेगाच्या धाग्याने जोडा. व्हॉयेजर या अंतराळयानासोबत पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर साडेतीन मिनिटांची ती भैरवी आहे. ती वाजवायची कशी, हे वेष्टणावर चित्रांनी कोरलं आहे: एका फेरीला ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्या, आणि तो वेळ हायड्रोजन अणूच्या मापात दिलेला. सुईसुद्धा सोबत पाठवली आहे. गौहर जानच्या तबकडीवर यातलं काहीच नाही, फक्त तिचं नाव. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. तारखा सांगा आणि लगेच भैरवी लावा, मधे बोलू नका.

पेटीवाला
आणि चावीचा ग्रामोफोन हौसेने मांडणार असाल तर प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई आणि पूर्ण चावी. अर्ध्या चावीवर शेवटचा अंतरा उतरतो, मग घोषणा पुन्हा चुकीच्या वेगात.