इंग्रजी वाचता येतं, पण कळत नाही: बोलकी गोष्टीची पुस्तकं सुचवा

कराडची_आई: लेक तिसरीत, सेमी इंग्रजी. धडाधड वाचते, पण "मग त्या मुलाने काय केलं?" विचारलं की पंख्याकडे बघत बसते. आवाज-चित्रांच्या डिजिटल गोष्टींनी फरक पडतो का? बजेट वर्षाला ५०० रुपये. फोन जुना अँड्रॉइड.

हडपसरी: सरळ आयपॅड घ्या. आमचे चिरंजीव त्यावरच शिकले, आता जाडजूड इंग्रजी पुस्तकं एका बैठकीत संपवतात.

खवचट_काका: बजेट ५००, सल्ला आयपॅडचा. चालू द्या.

निशिगंध: प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची साइट बघा. २०१५ पासून आहे, फुकट. गोष्टी चार पातळ्यांत आहेत. तिसरी म्हणून तिसऱ्या पातळीवर उडी नको, दुसरीपासून करा. बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत. आधी मराठीत वाचून घ्या, मग तीच इंग्रजीत.

मुक्ता७: पैसे मागणारं काही घेणार असाल तर ऑटोपे आधी बंद करा! एका ॲपने 'फुकट आठवडा' म्हणत आमचे अख्ख्या वर्षाचे पैसे कापले. मेलला उत्तर नाही.

पाटीपेन्सिल: शिक्षिका आहे म्हणून लिहिते. मांजरावर बोट ठेवलं की मांजर नाचतं, असली पुस्तकं टाळा. टाकाच, स्वार्ट आणि बस या संशोधकांनी २०१५ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले होते. गोष्टीला धरून असलेली हलती चित्रं, आवाज यांनी आकलनाला मदत होते. मधले खेळ आणि टिचक्या मारायच्या जागा लक्ष उडवतात. आणि पान उलटण्याआधी थांबून "आता काय होईल?" विचारा. मराठीत विचारा, उत्तरही मराठीत चालेल. तिला गोष्ट कळली का ते बघायचंय, व्याकरण नाही.

कोकणी_माणूस: गूगलचं रीड अलाँग. २०१९ मध्ये 'बोलो' नावाने आलं होतं. मूल मोठ्याने वाचतं, अडलं की ॲपमधली बोलकी मदतनीस दिया सांगते. भाचा त्यावरच सुधारला.

पाटीपेन्सिल: त्याने अडखळणं कमी होतं. हिची तक्रार ती नाहीच, ती धडाधड वाचतेच आहे.

हडपसरी: उच्चारांचं काय पण? अमेरिकन आवाज असलेलंच घ्या.

खवचट_काका: म्हणजे पोरगी 'वॉडर' मागणार आणि आजी माठाजवळ उभी राहून विचारणार, काय गं? (हलके घ्या.)

हडपसरी: पुढे मुलाखतीत उपयोग होतो, काका.

शेवंता: +१ स्टोरीवीव्हर. कुणी सुचवलं कसं नाही?

निशिगंध: वर वाचा की हो.

कराडची_आई: सगळ्यांचे आभार. काल जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ३५० रुपयांत पिशवीभर छापील गोष्टी आणल्या. फोन हातात दिला की ती आधी कार्टूनच शोधते, म्हणून ॲप सध्या नकोच. थांबून विचारायचं मात्र सुरू केलंय. "सांगू नकोस, मी सांगते" म्हणाली.

मुक्ता७: दुकान कुठलं? आठवीची गाईडं मिळतात का तिथे?