बडोद्यात रेड अलर्ट, आई एकटी, आज रात्रीच काय करू? लगेच सांगा

बडोदेकर_पुण्यात:
मी पुण्यात, आई तिकडे एकटी. उद्याचा रेड अलर्ट आलाय, विजा, वादळ, अतिवृष्टी सगळंच, आणि दुपारपासून मला काही सुचत नाहीये. आईला घरात काय काय भरून ठेवायला सांगू? आणि निघायचं झालं तर कधी? प्लीज लवकर.

कारेलीबागकर:
एरिया कुठला? मजला कुठला?

बडोदेकर_पुण्यात:
मुजमहुडा, तळमजला, आमचं जुनं घर. २०२४ ला कमरेएवढं पाणी होतं.

सुलूमावशी:
अरे मग भरून काय ठेवतोस, आधी तिला वर हलव, तेही उजेड आहे तोवर! २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे पाऊस कमी झाला तरी नदी चढतच होती, वरचं, आजवा धरणाचं पाणी मागून येतं ना. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती. ऊन पडलं म्हणून लगेच खाली उतरू देऊ नकोस.

दांडियाबाजार_७२:
उगाच घाबरवू नका हो. अलर्ट दर पावसाळ्यात येतात. आजव्याची लेव्हल बघत राहा, वाढली तर हलवा, म्हाताऱ्या माणसाला कशाला आधीच त्रास.

सुलूमावशी:
३१ जुलै २०१९ विसरलात? शहरावरच एका दिवसात जवळजवळ २० इंच पडला. गुडघाभर पाण्यातून रात्री कोण नेणार तिला?

अकोटा_गॅरेज:
गाडी बुडाली तर चुकूनही स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुतेक वेळा मिळत नाही. सरळ टो करा.

बडोदेकर_पुण्यात:
गाडी नाहीये हो आमच्याकडे!! आईबद्दल सांगा.

कारेलीबागकर:
औषधं काय चालू आहेत?

बडोदेकर_पुण्यात:
बीपीची गोळी आणि इन्सुलिन, ते फ्रीजमध्ये असतं.

कारेलीबागकर:
हे आधी सांगायचं ना, लाइट दोन दोन दिवस येत नाही. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे चालतं, पाकिटावर बघून घ्या. न उघडलेली थर्मासमध्ये, पण बर्फाला टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. निघताना मेन स्विच बंद. आणि पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून, संडासातून वर येतं, तिथे वाळूची पोती ठेवा.

फतेगंजवाली:
पाणी ओसरल्यावर अंगणात आधी काठी आपटून बघा, मगरी येतात. दिसली तर वनखात्याला कळवा, दगड मारू नका, बिचारीचं घर नदीच आहे आणि नदीची जागा आपणच बुजवली.

दांडियाबाजार_७२:
नदीचं राजकारण इथे नको. दामिनी अॅप टाका, जवळपास वीज पडत असेल तर कळतं. गडगडाट ऐकू आला की गच्चीवर जायचं नाही, शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास तरी.

सुलूमावशी:
तिला वर नेलंस का ते सांग आधी.

बडोदेकर_पुण्यात:
समोरच्या अपार्टमेंटमधल्या काकांना फोन केला, तिसऱ्या मजल्यावर राहतात. आई देवाचे टाक घेतल्याशिवाय हलेना, त्यात अर्धा तास गेला, पण आत्ता पोचली. मेन स्विच बंद केलाय, मोरीवर पोतं आहे. पेनं मात्र फ्रीजमध्येच राहिली, काका बॅटरी घेऊन परत गेलेत आणायला. पाऊस सुरू झालाय.