तयार नॅस घ्यावा की जुन्या पीसीचा करावा?

सी-२०१ (काका): नमस्कार मंडळी. विषय सोसायटीचा नाही, पण ग्रुपवर जाणकार आहेत म्हणून इथे विचारतो. घरात जुन्या हार्ड डिस्का, तिघांचे फोन, सगळं मिळून दीड टीबीच्या आसपास फोटो-व्हिडिओ. जून २०२१ मध्ये गूगलने फुकटची अमर्याद जागा बंद केली, तेव्हापासून दरमहा पैसे भरतोय. लेक डब्लिनला, तिलाही बघायचे असतात. दुकानदार म्हणतो नॅस घ्या, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कांचा डबा, सिनॉलॉजी कंपनीचा, दोन डिस्कांचा. बी-५०३ म्हणतात पैसे वाया. काय करू?

बी-५०३: वायाच काका 😄 डबा रिकामा येतो, डिस्का वेगळ्या घ्यायच्या. त्यांच्या डीएस२२३ मॉडेलला २ जीबी रॅम, तीही वाढवता येत नाही. त्यापेक्षा कमी पैशात एखाद्या ऑफिसातून निघालेला आय-५ पीसी १६ जीबी रॅमसकट मिळतो. त्यावर ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर टाकायचं, फुकट आहे. त्यातल्या झेडएफएस या फाइल साठवायच्या पद्धतीमुळे एका डिस्कवरची फाइल खराब झाली तर दुसरीवरून आपोआप दुरुस्त होते. वर इमिच हे फोटोंचं अॅप बसवलं की नातवाचा चेहरा दाखवून सगळे फोटो शोधा.

ए-१०४ (ताई): दादा, तुमचं चालतं कारण तुम्ही रविवारी त्यात डोकं घालून बसता. काकांना रविवारी नाटकाला जायचं असतं.

चेअरमन: उद्या स. १० ते १ वरची टाकी साफ होणार. पाणी भरून ठेवावे.

बी-३०२: 🙏

सी-२०१ (काका): ताई, तुमचं काम याच क्षेत्रातलं ना? दुकानदाराचं ऐकू?

ए-१०४ (ताई): दुकानदाराचं अर्धं ऐका. आधी विजेचं बघू. दादा, तुमच्या पीसीला मीटर लावला होतात ना, किती दाखवतो?

बी-५०३: ४५ वॅटच्या आसपास. त्याला काय होतंय.

ए-१०४ (ताई): दोन डिस्कांचा तयार डबा चालू असताना साधारण १८ धरा. २७ वॅटचा फरक, २४ तास, ३० दिवस, म्हणजे महिन्याला १९-२० युनिट. दिसायला किरकोळ, पण काकांचं बिल ३०० युनिटच्या काठावर असतं. हे युनिट महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये पडतात. पाच वर्षं धरली तर पीसीत वाचलेले बरेचसे पैसे तिकडेच जातात.

बी-५०३: बरं, हे मान्य. पण कंपनीच्या हातात मान द्यायची का? २०२५ मध्ये सिनॉलॉजीने नव्या प्लस मॉडेलना स्वतःच्या यादीतल्याच डिस्का चालतील असं ठरवलं होतं. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की ऑक्टोबरात डीएसएम ७.३ ही डब्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढून माघार घेतली. उद्या परत करणार नाहीत कशावरून?

ए-१०४ (ताई): हा मुद्दा रास्त आहे, माझाही त्यांच्यावरचा विश्वास तेव्हा उतरलाच. पण डबा मेला तर फोटो अडकत नाहीत. आत लिनक्सच आहे. डिस्क काढून उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) असलेल्या पीसीला लावली की वाचता येते, पद्धत कंपनीनेच दिली आहे. आता उलट सांगा. तुम्ही सहा महिने क्लायंटकडे परदेशी गेलात आणि काकांचं ट्रूनॅस अपडेटनंतर उठलंच नाही, तर काकू कुणाला फोन करणार?

सी-२०१ (काका): काकू मलाच करणार. आणि मी ग्रुपवर लिहिणार.

बी-५०३: 😂😂 काका, पॉइंट ताईंचा.

डी-१०१: मध्येच विचारते, या डब्यात दोन डिस्का एकसारख्या असतात म्हणजे बॅकअप झालाच ना?

ए-१०४ (ताई): नाही वहिनी! सगळा घोळ इथेच होतो. मिररमध्ये, म्हणजे दोन्ही डिस्कांवर तेच लिहिलं जातं तेव्हा, एक डिस्क बंद पडली तर काम थांबत नाही, एवढंच. नातवाने खेळता खेळता फोल्डर उडवलं तर दोन्हीकडून एका क्षणात उडतं. स्नॅपशॉट (ठरावीक वेळची जपून ठेवलेली स्थिती) लावला असेल तर परत मिळेल, पण चोरी, आग, वीज यांच्यापुढे तोही डब्याबरोबरच जातो. डबा विकतचा असो की दादांसारखा जोडलेला, तिसरी प्रत घराबाहेर हवीच. काका, त्या जुन्या डिस्कांपैकी धडधाकट असेल ती यूएसबीने लावा, त्यावर एन्क्रिप्ट केलेला बॅकअप घ्या आणि साताऱ्याला भावाकडे ठेवा. गणपतीला जाल तेव्हा अदलाबदल.

बी-५०३: माझ्याकडे ठेवा की काका, पाचव्या मजल्यावर.

ए-१०४ (ताई): एकच इमारत आहे दादा.

सी-२०१ (काका): आणि डब्लिनचं?

बी-५०३: हे मी सांगतो. आपल्याकडे बहुतेक घरगुती कनेक्शनला स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळतच नाही, त्यामुळे राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून उपयोग नाही. असला तरी उघडू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे हजारो डबे कुलूपबंद केले होते. टेलस्केल हे खासगी जोडणीचं अॅप टाका, तिच्या फोनवर आणि डब्यावर. तयार डब्यावरही चालतं.

ए-१०४ (ताई): +१. आणि डबा राउटरला वायरने जोडा. वायफायवरून दीड टीबी चढवायला घेतलंत तर दिवाळी येईल.

सेक्रेटरी: काका, जागा उरणार असेल तर सोसायटीचे स्कॅन केलेले कागद पण टाकू का? सभेची इतिवृत्तं, सभासद रजिस्टर, ऑडिट रिपोर्ट. माझ्या पेनड्राइव्हमध्ये आहेत सगळे.

ए-१०४ (ताई): पेनड्राइव्हमध्ये??

बी-५०३: 😳

ए-१०४ (ताई): संस्थेचे कागद कुणाच्याही खासगी डब्यात नकोत. उद्या काकांनी फ्लॅट विकला तर? संस्थेच्या नावाने खातं उघडा, पासवर्ड कमिटीतल्या दोघांकडे, आणि एक प्रत ऑफिसच्या कपाटात.

चेअरमन: विषय पुढच्या कमिटी मीटिंगला घेऊ. सेक्रेटरींनी तोवर पेनड्राइव्ह खिशात घालून फिरू नये.

सी-२०१ (काका): मग माझा तयार डबा नक्की. डिस्क कोणती?

ए-१०४ (ताई): ४ टीबीच्या दोन. दीड टीबी आज आहे, व्हिडिओ काही कमी होणार नाहीत. बिलावर 'आयर्नवुल्फ' (सीगेटची) किंवा 'रेड प्लस' (वेस्टर्न डिजिटलची) असं पूर्ण नाव बघून घ्या. नुसत्या 'रेड' नावाच्या २ ते ६ टीबी डिस्कांमध्ये एसएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहायचं) तंत्र होतं, ते २०२० मध्ये उघडकीला आलं. एक डिस्क बदलून मिरर पुन्हा भरताना त्या रडतात. आणि जमलं तर दोन डिस्का दोन दुकानांतून घ्या, एकाच लॉटमधल्या एकदम जायला नकोत.

बी-५०३: इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा काका. शक्य असेल तर छोटा यूपीएसच घ्या, यूएसबीवाला, म्हणजे लाइट गेल्यावर डबा स्वतः नीट बंद होईल. सेटअपला मी येतो, चहा ठेवा.

ए-१०४ (ताई): आणि काका, सील फोडायच्या आधी दुकानातच सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट डिस्का नव्या म्हणून बाजारात आलेल्या सापडल्या होत्या, आतली वापराच्या तासांची नोंद पुसून. वॉरंटी अर्धी संपलेली दिसली तर तिथेच परत करा.

सी-२०१ (काका): बरं. सिरीयल नंबर कुठे असतो? दुकानात उभा आहे.

बी-५०३: डिस्कवरच्या लेबलवर, एस/एन लिहिलेलं. फोटो पाठवा, मी तपासतो.