मदत हवी आहे: गोठ्याचं छप्पर गळतंय, मिरग तोंडावर

खाजनकाठ
गोव्यातल्या चोडण बेटावर गोठा आहे. गेल्या वर्षीच शाकारला, तरी परवाच्या वळवाच्या सरीत आत धार लागली. मिरगाला आठवडा उरला. वरून काय घालू ते लवकर सांगा. पत्रे नकोत.

वळचण
कशाने शाकारलाय, पेंढ्याने की झापांनी? आढ्यापाशी गळतं की मध्येच? उतार किती?

पोफळराई
पत्रेच घाला हो. दरवर्षीची कटकट सुटेल.

आडसर
पत्रे नकोत असं त्यांनी लिहिलंय. खाऱ्या वाऱ्यात पत्रा खिळ्याच्या भोकापासून गंजत जातो आणि उन्हाळ्यात खाली जनावरं धापा टाकतात.

खाजनकाठ
चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं आहेत. गळतं मध्येच. उतार बेताचा.

वळचण
बेताचा म्हणजे? गोठ्याची रुंदी आणि भिंतीच्या माथ्यापासून आढ्याची उंची सांगा.

खाजनकाठ
रुंदी १० फूट, आढं ३ फूट वर.

वळचण
मग खोट तिथेच आहे. हा उतार जेमतेम ३१ अंश झाला, झापांना ४५ लागतो. १० फूट रुंदीला आढं ५ फूट वर हवं. कमी उतारावर पाणी रेंगाळतं आणि विणीतून खाली झिरपतं. आता वासे उचलायला वेळ नाही, तेव्हा थर दाट करा. ओळी किती अंतरावर आहेत?

खाजनकाठ
फूटभर असतील.

वळचण
फार विरळ. ५ इंचांवर आणा, म्हणजे कुठेही बोट ठेवलं तरी खाली तीन झापं येतील. वळचणीपासून वर चढत जा, पहिली ओळ दुहेरी. दांडा वर, पाती खाली. उलटं बांधलं तर दांड्याशी पाणी अडतं.

माडावेल
झावळ्या आठवडाभर खाऱ्या पाण्यात भिजवा, कीड कमी लागते. मग मधोमध चिरून विणा.

आडसर
मिरगाला आठवडा असताना भिजवणार कधी, वाळवणार कधी? ओली झापं चढवली की वाळताना आकसतात आणि विणीत फटी पडतात. विणलेली, वाळलेली मिळतील तीच घ्या.

पोफळराई
निदान झापांखाली ताडपत्री तरी अंथरा.

आडसर
ते तर मुळीच करू नका. खालून वारा लागला नाही की ओल अडकते आणि झापं एका पावसाळ्यात कुजतात. अगदीच अडलं तर ताडपत्री वरून टाका, खाली बांबू देऊन वीतभर पोकळी ठेवा आणि उघडीप मिळाली की काढा.

बेटबघा
स्कॉटलंडच्या लुईस बेटावर ब्लॅकहाउस नावाच्या जुन्या दगडी, शाकारलेल्या घरांच्या छपरांवर दोर टाकून त्यांना दगड टांगायचे, वाऱ्याने उडू नये म्हणून. आपणही दगड टांगावेत का?

वळचण
तिथे छप्पर जाड भिंतीच्या आतल्या कडेवर टेकतं, वळचण बाहेर येत नाही. आपल्याकडे तसं केलं तर मातीची भिंत पहिल्याच पावसात ढासळेल. वळचण दोन फूट बाहेर हवीच. वाऱ्यासाठी आढ्यावर दोन्ही बाजूंनी बांबू दाबून सुंभाने आवळा, तेवढं पुरतं.

कायदेशीर
घर वाढवायचं असेल तर जपून. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यातल्या खाजन, म्हणजे भरतीच्या पाण्यालगतच्या सखल जमिनीत विकासकामांना मनाई होती.

आडसर
अहो, घर कोण वाढवतंय? त्यांना गोठा शाकारायचाय.

खाजनकाठ
लांबी १५ फूट. झापं किती आणू?

वळचण
वळचण धरून एका पाखाची (छपराच्या एका बाजूची) उतरती लांबी ८ फूट, म्हणजे ५ इंचांनी २० ओळी. ५ फुटी झाप असेल तर जोड धरून ओळीला चार. दोन्ही पाखांना १६०, शिवाय दुहेरी ओळ आणि आढ्यासाठी २० जास्त. जुन्यांतली चुरगाळून मोडतात ती काढून टाका, लवचिक आहेत ती तळाच्या थराला वापरा. झापं बांधायच्या आडव्या रिपाही तपासा, ५ इंचांच्या ओळींना जुन्या अंतरावरच्या पुरणार नाहीत.