किरणोत्सवाला नासाचं सर्टिफिकेट कशाला पाहिजे?

मावळतवाट:
कालपासून सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात मावळत्या सूर्याचा किरण देवीपर्यंत पोचतो तो किरणोत्सव म्हणजे आपल्या ऋषींना प्रकाशाचा वेग माहीत होता याचा पुरावा, नासानंही म्हणे मान्य केलंय, आणि खाली "खरा हिंदू असशील तर पुढे पाठव". मी नाही पाठवला. का नाही ते इथं सविस्तर लिहितो कारण ग्रुपवर लिहिलं की लोक लगेच अंगावर येतात.

किरणोत्सव मी लहानपणापासून बघत आलोय. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. याच तारखा का, हे कधी मोजलंय का कुणी? २१ डिसेंबर, म्हणजे सगळ्यात लहान दिवस, तिथून ४१ दिवस मागं गेलं की १० नोव्हेंबर येतो आणि ४१ दिवस पुढं गेलं की ३१ जानेवारी. दोन्ही वेळेला सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळतो, बरोबर पश्चिमेपासून जवळपास १८ अंश दक्षिणेला. तेव्हाच तो किरण महाद्वारातून आत येतो, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, आणि मग देवीचे पाय. सूर्य खाली जाईल तसा किरण वर चढतो. या दिवसांत मावळतीची जागा रोज सूर्यबिंबाच्या साधारण अर्ध्यानं सरकते, म्हणून हा खेळ चार-दोन दिवसांचाच. ज्यानं हे जुळवलं त्यानं वर्षानुवर्षं मावळती बघितली असणार. माझ्या लेखी ही ऋषींच्या तोडीची माणसं होती.

यात प्रकाशाचा वेग कुठं आला? प्रकाश आत्ता आहे त्याच्या अर्ध्या वेगानं आला असता तरी किरण तिथंच पडला असता. मेसेजमधला तो वेगाचा आकडा सायणभाष्यातून, म्हणजे सायणाचार्यांच्या ऋग्वेदावरच्या टीकेतून उचललाय, अर्ध्या निमिषात (पापणी लवायच्या अर्ध्या वेळात) २२०२ योजनं. आता योजन, म्हणजे अंतराचं ते जुनं माप, केवढं? आर्यभटानं पृथ्वीचा व्यास १०५० योजनं दिलाय, त्या हिशेबानं योजन १२ किलोमीटरचं. सूर्यसिद्धांत १६०० देतो, म्हणजे ८ किलोमीटरचं. यातल्या कुठल्याच योजनानं सेकंदाला तीन लाख किलोमीटर येत नाही, साडेचौदाचं धरलं की मगच बरोब्बर येतं. उत्तर आधी ठरवून पट्टी नंतर कापायची याला मी गणित म्हणत नाही. ज्या माणसानं उन्हात उभं राहून सावल्या मोजल्या त्याच्या कष्टाचा हा अपमान आहे.

जोतिबाचा_गुलाल:
दादा तुमचा अभ्यास असेल पण सूर नेहमीचाच. आपलं काही चांगलं दिसलं की लगेच पट्टी घेऊन मोजायला बसायचं. आणि पंचांगाचं काय मग? कुठली दुर्बीण नसताना वर्षभर आधी ग्रहण मिनिटावर सांगतात ते कसं? सांगा की.

मावळतवाट:
सांगतो. गणेश दैवज्ञानं १५२० मध्ये ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला, आपली पंचांगं शेकडो वर्षं त्यावरच चालली. पुढं आकाश आणि पंचांग यांच्यात फरक पडायला लागला, तेव्हा गणिती केरो लक्ष्मण छत्र्यांनी आकाशाच्या नवीन निरीक्षणांवरून पंचांग काढलं आणि त्यावरून केवढं रान उठलं. टिळक त्यांचेच विद्यार्थी. आज मिनिटावर ग्रहण मिळतं ते आपल्याच लोकांनी चूक दुरुस्त केली म्हणून.

आणि एक जागा अजून दुरुस्त व्हायची आहे. सूर्य उत्तरेकडं वळतो २१-२२ डिसेंबरला, आपण संक्रांत करतो १४-१५ जानेवारीला. संक्रांत राशीवरून धरतात, आणि राशी व ऋतू यांच्यात दर ७२ वर्षांना एक अंश असं सरकत सरकत चोवीस अंशांचं अंतर पडलंय. किरणोत्सव मात्र इतक्या शतकांत तिथंच आहे कारण तो खऱ्या सूर्यावर बेतलाय, राशीवर नाही. तिळगूळ १४ लाच खा, माझं काही म्हणणं नाही, पण त्या दिवशी उत्तरायण लागतं असं पोरांना शिकवू नका.

निखारा:
तुम्हीपण अर्ध्यातच थांबला. पश्चिमेकडं तोंड असलेलं कुठलंही देऊळ घ्या, मावळत्या सूर्याच्या पट्ट्यात असेल तर वर्षातून दोनदा ऊन आत येणारच. माझ्या स्वयंपाकघरातपण येतं. योगायोगाला उत्सव केला, त्यात कसली माणसं आणि कसली तोड.

मावळतवाट:
स्वयंपाकघरातलं ऊन एवढे उंबरे ओलांडून एका मूर्तीच्या पायावर येतं का? बरं तो योगायोग म्हण, मग खिद्रापूरला जाऊन ये. तिथल्या कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडपाला वर गोल उघडं छत आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र त्यावर येतो. त्या सुमाराला सूर्य विषुववृत्ताच्या १५-२२ अंश दक्षिणेला, पौर्णिमेचा चंद्र त्याच्या समोर म्हणजे तेवढाच उत्तरेला, आणि खिद्रापूर आहे १६.७ अंश उत्तरेवर. म्हणून तो डोक्यावर येतो. चंद्राची वाट पाच अंश कललेली, त्यामुळं काही वर्षी नेमका येतो, काही वर्षी जरा बाजूला.

निखारा:
गणित बसतंय. बांधणाऱ्यानं तेच मनात धरलं होतं याचा शिलालेख असेल तर दाखवा, नसेल तर "बसतंय" एवढंच म्हणेन.

पेठेतला:
तुम्ही दोघं अंश मोजत बसा, किरण वाटेतच अडतोय तिकडं कोण बघणार? रंकाळ्याच्या अंगानं येणाऱ्या उन्हाच्या आड मजले, पत्र्याच्या शेडी, पाण्याच्या टाक्या. दरवर्षी मोजणी होते, दरवर्षी पेपरात बातमी येते, चार फ्लेक्स उतरवतात, दहा दिवसांनी परत चढतात. आमच्या गल्लीत एकानं टाकी वर घेतली, बोलायला गेलो तर म्हणतो किरण देवीला नाही पोचला तर देवी काय आंधळी हाय का. हाच माणूस नवरात्रात नऊ दिवस अनवाणी. श्रद्धा असली तर आधी टाकी खाली घ्या म्हणावं, विज्ञानाचं नंतर बघू. लई डोकं फिरतंय हे बघून.

जोतिबाचा_गुलाल:
टाकीचं शंभर टक्के बरोबर. पण या निखाऱ्यासारख्यांचं मला पटत नाही. ह्यांना सगळाच योगायोग. ग्रहणात गरोदर बाईनं बाहेर पडू नये, चिरू-कापू नये हे आपल्या लोकांनी अनुभवातून लिहून ठेवलंय. माझ्या चुलतबहिणीनं ऐकलं नाही, सातव्या महिन्यात ग्रहण चालू असताना विळीवर भाजी चिरली आणि पोरगं फाटक्या ओठाचं झालं. हे मी ऐकीव सांगत नाही, बारशाला मी स्वतः मांडीवर घेतलंय त्याला. आता सांगा योगायोग.

निखारा:
असल्या भाकडकथा २०२५ नंतरही सांगता, लाज वाटली पाहिजे.

जोतिबाचा_गुलाल:
तोंड सांभाळून. माझ्या बहिणीच्या घरातली गोष्ट आहे ती. तुझ्या विज्ञानानं तुला एवढंच शिकवलं का?

रातपाळी:
निखारा, तुम्ही जरा गप्प बसा, लाज काढून कुणाला काही पटत नाही.

गुलालदादा, मी प्रसूती विभागात नर्स आहे. बाळाचा वरचा ओठ जुळतो तो चौथ्या ते सातव्या आठवड्यात. आठवड्यात, महिन्यात नाही. टाळू नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत. तुमच्या बहिणीनं सातव्या महिन्यात विळी हातात घेतली तेव्हा ओठ जुळायचा राहिलेला असेल तर तो राहून कित्येक महिने झाले होते. जगात साधारण सातशे बाळांमागं एकाला हे होतं, जिथं ग्रहण कुणाला माहीतही नाही तिथंसुद्धा. त्या बिचारीला इतकी वर्षं कुणी काय काय ऐकवलं असेल याचा विचार करून माझ्याच पोटात कालवतंय.

आता माझं ऐका. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण, स्पर्श, म्हणजे सुरुवात, रात्री दहाच्या जरा आधी, वेध दुपारी एकपासूनच धरलेले. एक बाई आली, आठवा महिना, दुपारपासून पाण्याचा थेंब नाही, जीभ कोरडी, पोटात कळा. आणि सासू म्हणते सलाईन ग्रहण सुटल्यावर लावा, सुई टोचायची नसते. मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटणं, होतं रात्री दीडच्या सुमाराला. आम्ही ऐकलं नाही, लावलं. ती वाचली, बाळ वाचलं. त्याच रात्री लेबर रूममध्ये दुसऱ्याही बायका होत्या, त्यांची बाळं चांगली धडधाकट जन्मली, कात्री-सुई सगळं वापरून.

जोतिबाचा_गुलाल:
ताई तुमच्याबद्दल आदर आहे. पण ही सासूची चूक, शास्त्राची नाही. गरोदर, लहान पोरं, आजारी, म्हातारे यांना वेधात सूट असते, पंचांगातच छापलेलं असतं. वाचत कोण नाही.

रातपाळी:
हे मात्र खरं. पुढच्या वेळी तीच ओळ दाखवीन सासूला, माझ्यापेक्षा पंचांगाचं लवकर ऐकतील.

मावळतवाट:
ग्रहणाचा वाद आपल्यात निदान चौदाशे वर्षं चाललाय. आर्यभटानं ४९९ मध्ये सरळ लिहिलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला. ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये राहू न मानणाऱ्यांवर टीका केली, पण ग्रहणाचं गणित करायला बसला की तोही सावलीच मोजायचा. म्हणजे सावली मानणारा परका नाही आणि राहू मानणारा अडाणी नाही, दोघंही आपलेच. निखारा, हे तुझ्यासाठी पण आहे.

निखारा:
माझ्यासाठी असेल तर एक माझं पण ऐका. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले. त्यांनी २००८ मध्ये २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या, निम्मी हुशार, निम्मी मतिमंद, आणि ज्योतिषांना चाळीस-चाळीस देऊन सांगितलं ओळखा. २७ जणांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के बरोबर. डोळे मिटून सांगितलं असतं तर ५० आली असती. शिव्या न देता, मोजून दाखवलं. मी शिव्या दिल्या, ते बाजूला ठेवा, पण हा आकडा बाजूला ठेवू नका.

जोतिबाचा_गुलाल:
नारळीकरांबद्दल कोण काय बोलणार. पण पत्रिकेवरून हुशारी बघत नाहीत, योग बघतात, प्रश्नच चुकीचा होता असं आमच्या गुरुजींचं म्हणणं.

निखारा:
मग बरोबर प्रश्न गुरुजींनी सुचवावा, त्यावर चाचणी घेऊ. आत्तापर्यंत कुणी सुचवला नाही.

पेठेतला:
टाकीचं कुणी बोलणार हाय का नाही?

मावळतवाट:
बोलतो. नोव्हेंबरच्या आधी एखाद्या संध्याकाळी गरुड मंडपापासून मावळतीकडं फोटो काढू, काय काय आड येतंय त्याची यादी करू आणि सह्या घेऊन देऊ. गुलालराव, तुम्हीपण या.

जोतिबाचा_गुलाल:
येतो. तो मेसेज मी पुढं पाठवला होता, त्यातलं नासाचं वाक्य काढून परत टाकतो, बाकीचं राहू दे. आणि ग्रहण मी पाळणार, ते मला कुणी शिकवायचं नाही. पण ताई, ते आठवड्यांचं नक्की का? कारण बहिणीच्या घरात अजून तिच्या हातची भाजी निघाली की विळीचा विषय निघतो. पोराचं ऑपरेशन होऊन आता ते शाळेत जातंय तरी.

रातपाळी:
नक्की. चौथा ते सातवा आठवडा, कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा. ग्रहण पाळा, माझी हरकत नाही. पण आजच फोन करा तिला, आणि सासू घरात असेल तर स्पीकरवर टाकायला सांगा.