पहिल्या उसळीत टिकलेले विमान तिसऱ्या उसळीत का मोडते?

भाच्याचा मामा
माझा भाचा वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. त्याच्या एका सहविद्यार्थ्याचे सेसना १७२ विमान उतरताना धावपट्टीवर तीनदा उसळले आणि अखेर पुढचे चाक मोडून प्रोपेलर जमिनीला घासला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. चाके एकदा टेकली की धोका टळला, अशी माझी समजूत होती. जे विमान पहिल्या वेळी शाबूत राहिले, ते तिसऱ्या वेळी कसे मोडले?

निवृत्त प्रशिक्षक
याचे मूळ बहुधा फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे येण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, ठेवलेल्या जास्तीच्या वेगात असते. फ्लॅप (कमी वेगातही उचल देणारे, पंखांच्या मागच्या कडेचे पडदे) पूर्ण सोडलेले हे विमान साधारण ६५ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने यावे. ते ७५ नॉटने आणले, तर जमिनीलगत तरंगतच राहते आणि अधीर झालेला विद्यार्थी त्याला बळेच टेकवतो. पंखांत उचल शिल्लक असल्यामुळे ते पुन्हा हवेत जाते. इथवर फारसे बिघडलेले नसते. मात्र घाबरून योक (नाक वर-खाली करणारे सुकाणू) पुढे ढकलला, की मजबूत मागच्या चाकांऐवजी नाजूक पुढचे चाक आधी आदळते, नाक वर फेकले जाते, वैमानिक पुन्हा योक ढकलतो, आणि त्याची प्रत्येक कृती किंचित उशिरा पडत असल्याने उसळी वाढतच जाते. उसळी लहान असेल तर नाक आहे तसे धरून थोडी शक्ती द्यावी. मोठी असेल तर वाट न पाहता पूर्ण थ्रॉटल (इंजिनची पूर्ण शक्ती), फ्लॅप २० अंशांवर आणि गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे.

वातकुक्कुट
वरील दहा नॉट किरकोळ वाटतात, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सुमारे ३३ टक्के जास्त होते. त्यात बाजूचा वारा असेल, तर उसळीनंतर विमान तिरके सरकत खाली येते. माझ्या विद्यार्थिदशेत गो-अराउंड घेणे म्हणजे नापास होणे, असे आम्हाला उगाच वाटे. पहिल्या सोलोच्या, म्हणजे प्रशिक्षकाविना एकट्याने उडण्याच्या, दिवशी तर फारच.

भाच्याचा मामा
आभारी आहे. प्रोपेलर बदलला की विमान पुन्हा उडू शकेल ना?

निवृत्त प्रशिक्षक
लगेच नाही. फिरता प्रोपेलर जमिनीला लागला, की तो धक्का थेट क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत, पोचतो. त्यामुळे इंजिन सुरळीत चालताना दिसले तरी ते उघडून आतील भाग तपासावे लागतात.